‘लोकरीचे मोजे, जाड, एक जोडी’ : खरेदी आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शीतगृहे, रस्त्यांची व वीजवाहिन्यांची देखभाल, मासेमारी, खाणी, बांधकाम, वनकाम अशा थंडीत चालणाऱ्या कामांसाठी कामगारांचे कपडे आणि पादत्राणे खरेदी करणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

हिवाळी साहित्याच्या मागणीपत्रात बुटांना दीड पान मिळते. तळवा ओल्या फरशीवर किती धरला पाहिजे, बोटांवरची कडक टोपी किती भार पेलली पाहिजे, पाणी किती वेळ आत येता कामा नये, हे सगळे त्यात बारकाईने नोंदवलेले असते. मग हातमोजे येतात, टोप्या येतात, आणि सगळ्यांत शेवटी, बहुधा ‘किरकोळ’ या सदराखाली, एक ओळ येते : ‘लोकरीचे मोजे, जाड, एक जोडी’. भांडार सांभाळणाऱ्या माणसाला या ओळीचे परिणाम रोज पाहावे लागतात, म्हणून हे पत्र. माझी विनंती अशी आहे की मोजा हा किरकोळ सदरातून काढून संरक्षक साधनांमध्ये घ्यावा, त्याचे वर्णन बुटाच्या वर्णनाइतक्याच काळजीने लिहावे आणि त्याची किंमत ठरवताना जोडीचा दर न पाहता ती जोडी किती महिने टिकते ते पाहावे.

पायाला ऊब मिळते ती त्याच्याभोवती अडकून राहिलेल्या हवेमुळे. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. पाण्यातून ती वीसपटींहून अधिक वेगाने जाते. त्यामुळे मोज्यातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की त्याच्या जाडीचा फारसा उपयोग उरत नाही. हे पाणी बाहेरूनच यावे लागते असेही नाही. शरीरात घामग्रंथींची सर्वाधिक दाटी असलेल्या जागांपैकी तळपाय ही एक जागा आहे, आणि बाहेरचे पाणी अडवणारा रबरी बूट आतला घामही तितक्याच निष्ठेने अडवतो. बर्फ उपसणाऱ्या माणसाचे पाय थोड्याच वेळात घामेजतात आणि पुढची गाडी येईपर्यंत तो उभा राहिला की तोच घाम त्याचे पाय गार करू लागतो. थंडीतल्या कामात सतत कष्ट किंवा सतत विश्रांती असे क्वचितच असते. या दोहोंची दिवसभर आलटापालट चालू असते आणि मोज्याची खरी परीक्षा तिथेच होते.

हिमदंशाची भीती सर्वांना असते, कारण तो दिसतो. परंतु पारा शून्याच्या वर असतानाही पाय बिघडू शकतात, याकडे मागणीपत्रे लिहिताना दुर्लक्ष होते. ओल्या आणि गार अवस्थेत पाय तासन्‌तास राहिले तर रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा पांढुरकी व बधिर होते, मज्जातंतूंना इजा होते आणि पुढे पाय गरम झाल्यावर सूज व तीव्र वेदना सुरू होतात. या विकाराला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात आणि तो १५-१६ अंश सेल्सियस तापमानातही होऊ शकतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी १८१२ च्या रशियातील माघारीच्या वेळी त्याचे वर्णन करून ठेवले होते. पण त्याला आजचे नाव मिळाले ते पहिल्या महायुद्धातील खंदकांवरून. १९१४-१५ च्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात या विकाराचे वीस हजारांहून अधिक रुग्ण निघाले. त्यावर जे उपाय योजले गेले त्यांत खंदकांतील पाण्याचा निचरा, तळाशी लाकडी फळ्या आणि तुकड्यांची अदलाबदल यांच्या बरोबरीने कोरड्या मोज्यांचा पुरवठा, रोज मोजे बदलण्याची सक्ती आणि अधिकाऱ्यांनी स्वतः सैनिकांचे पाय तपासणे यांचा समावेश होता. इतक्या मोठ्या सैन्याला मोजे बदलण्याचा हुकूम काढावासा वाटला, यावरून या वस्तूची जागा कोणत्या सदरात असावी ते आपणच ठरवावे.

आता लोकरच का, हे थोडक्यात. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, त्यामुळे सूत कातले तरी तंतूंमध्ये हवेला जागा उरते आणि दाब निघाल्यावर वीण पुन्हा फुलते. शिवाय लोकर बाष्प तंतूच्या आत ओढून घेते. २० अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता या प्रमाण स्थितीत लोकरीमध्ये तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा असतो. सुती कापडात तो साधारण ७ ते ८ टक्के, नायलॉनमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा घेते आणि तरी हाताला भिजलेली लागत नाही. हा ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. याउलट सुती मोजा ओला झाला की बसतो, त्याच्यातली हवा निघून जाते आणि तो कातडीला चिकटून राहतो. थंडीच्या कामासाठी सुती मोजे देऊ नयेत, हे एक वाक्य तरी आपल्या नियमपुस्तिकेत ठळक अक्षरांत असावे.

मात्र लोकरीची बाजू मांडताना तिचे उणेपणही सांगितले पाहिजे. पूर्ण भिजलेली लोकर सुकायला वेळ घेते, पॉलिएस्टरपेक्षा बराच जास्त, आणि घासले जाणे ती नायलॉनइतके सोसत नाही. पहिल्या उणिवेवर उपाय जोड्यांची संख्या वाढवणे हा आहे. त्याविषयी पुढे लिहितो. दुसऱ्या उणिवेमुळेच आपण देत असलेल्या मोज्यांपैकी बरेचसे वाया जातात, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू.

हंगाम संपल्यावर परत आलेले मोजे मी टेबलावर उलटे करून पाहतो. पोटरीचा भाग बहुधा नव्यासारखा असतो. घोट्यावर थोडे गोळे आलेले असतात. पण टाचेखालचा भाग उजेडासमोर धरला की गोष्ट वेगळी दिसते : लोकर पूर्ण झिजून गेलेली असते आणि तिथे उरलेली असते नायलॉनच्या धाग्यांची बारीक, जवळजवळ पारदर्शक जाळी. मोज्याला भोक पडलेले नसते, म्हणून तो ‘चांगल्या स्थितीत’ अशी नोंद होऊन पुन्हा वाटला जातो. प्रत्यक्षात त्या जागी पायाखाली ऊब देणारे काहीच शिल्लक नसते. चवड्याखाली आणि अंगठ्याच्या टोकाशीही हेच घडते. म्हणून परत आलेल्या मोज्यांची तपासणी भोक आहे की नाही एवढ्यावर न थांबता टाच व चवडा उजेडासमोर धरून व्हावी, असे मी सुचवतो. त्याला वेळ लागत नाही, फक्त खिडकी लागते.

या झिजेवरचा उपाय मोजा विणतानाच करावा लागतो. ‘शंभर टक्के शुद्ध लोकर’ असा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण टाचेला हेतू कळत नाही. कामाच्या मोज्यात एकूण वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के नायलॉन असावे आणि टाच, चवडा व बोटांच्या जागी जादा नायलॉनचा धागा सोबत विणून मजबुती दिलेली असावी. मोजा पायावर टिकून राहावा म्हणून एक-दोन टक्के लवचिक धागा पुरतो. त्याहून जास्त असेल तर पोटरीवर वळ उठतात आणि रक्तप्रवाहाला अडथळा होतो. लोकरीचे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि उरलेल्या भागात अॅक्रिलिक हा कृत्रिम धागा आहे का ते विचारून घ्यावे. अॅक्रिलिक स्पर्शाला लोकरीसारखे वाटते आणि ‘वुलन’ या मोघम नावाखाली खपून जाते, पण लोकरीसारखे बाष्प धरत नाही.

लोकरीची जात लिहिणेही आवश्यक आहे. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू सहसा २४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो, म्हणून ती टोचत नाही. ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू कातडीला बोचू लागतात. अतिशय बारीक, म्हणजे १७-१८ मायक्रॉनची लोकर अंगातल्या कपड्यांना उत्तम, परंतु दिवसभर फावड्यावर पाय देणाऱ्याच्या मोज्यात ती लवकर विरते. माझ्या मते २१ ते २५ मायक्रॉनची, लांब तंतूंची, विंचरून कातलेली आणि दुपदरी किंवा तिपदरी पीळ दिलेली लोकर या कामाला योग्य ठरते. जुन्या कपड्यांतून पुन्हा काढलेल्या लोकरीचे तंतू आखूड असतात; पांघरुणाला ती चालते, टाचेला चालत नाही.

जाडीच्या बाबतीत फसगत सर्वांत सोपी असते. सूत जाड वापरून वीण सैल ठेवली की मोजा फुगीर दिसतो, आणि आतून ब्रशने तंतू ओढून काढले की तो मऊ व उबदार वाटतो. असे ओढलेले तंतू काही धुण्यांतच दबून जातात किंवा झडतात. त्याऐवजी आतल्या बाजूला, टॉवेलला असतात तसे विणलेले दाट फासे मागावेत, निदान तळव्याला आणि टाचेला तरी. ‘जाड’ हा शब्द मागणीपत्रातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी प्रत्येक मापाच्या जोडीचे कोरडे वजन ग्रॅममध्ये, तसेच तळव्याची व पोटरीची वीण स्वतंत्रपणे लिहावी. बोटांवरची शिवण सपाट असावी. तिथे उंच कड राहिली तर लांब पल्ल्याच्या चालण्यात फोड येतात.

आणखी एक गोष्ट मोज्याच्या वर्णनात न येता बुटाच्या मापात येते, पण तिच्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ आहे. घट्ट बुटात जाड मोजा कोंबला की लोकर दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि बोटांचा रक्तप्रवाह मंदावतो, म्हणजे पाय आधीपेक्षा अधिक गार पडतात. बुटांची मापे घेताना कामगाराच्या पायात हिवाळ्यात वापरायचा मोजाच असला पाहिजे आणि बोटे आत मोकळेपणाने हलली पाहिजेत. बूट एका विभागाने उन्हाळ्यात मागवायचे आणि मोजे दुसऱ्याने थंडी पडल्यावर, ही पद्धत असेल तिथे हा घोटाळा हमखास होतो.

वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ठिणग्या उडणाऱ्या इतर कामांसाठी वेगळी मागणी लिहावी. लोकर वितळत नाही आणि साधारण ५७० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सहजासहजी पेट घेत नाही. नायलॉन मात्र प्रकारानुसार २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. अशा ठिकाणी टिकाऊपणा थोडा कमी झाला तरी चालेल, पण कृत्रिम धाग्याचे प्रमाण कमीत कमी ठेवावे.

माल आल्यावर तो तपासायचा कसा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रयोगशाळेत पाठवायचे असेल तर मार्ग सरळ आहे : मिश्रणातील लोकरीचे प्रमाण काढण्यासाठी आयएसओ १८३३ या मानकाच्या चौथ्या भागात हायपोक्लोराइटची पद्धत दिलेली आहे, तिच्यात लोकर विरघळते आणि उरलेले कृत्रिम धागे वजन करून मोजले जातात, विणलेल्या मोज्यांच्या घर्षणासाठी ईएन १३७७० हे युरोपीय मानक आहे, धुण्याच्या चाचणीसाठी आयएसओ ६३३० आहे. निविदेत या तिन्हींचा उल्लेख केला की पुष्कळसा हलका माल आपोआप बाहेर राहतो. पण भांडारातही काही करता येते. मोज्यातून एक सूत काढून, चिमट्यात धरून पेटवले तर लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा आकसून कडक मणी होतो. मिश्र सुतात दोन्ही खुणा दिसतील, आणि फक्त मणीच उरला तर पुरवठादाराला बोलावून घ्यावे. त्याखेरीज नमुन्याच्या पाच जोड्या आपल्या नेहमीच्या धुलाईला पाच वेळा पाठवून मग मापे घ्यावीत. न धुतलेल्या मोज्याच्या नमुन्यावर मंजुरी देणे मला कधीच पटलेले नाही.

धुलाईविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चांगला माल खरेदी करूनही तो तिथेच मातीमोल होतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून जाड, ताठ, लहान मुलाच्या मापाचा होतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही. यंत्रात धुता येण्यासाठी खवल्यांवर क्लोरीनची प्रक्रिया करून वर पातळ थर दिलेली लोकर मिळते. सामुदायिक धुलाई असेल तर तीच मागवावी. तरीही पाणी ३० अंशांच्या आसपास असावे, मोजे उलटे करून धुवावेत, प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम असलेली पावडर वापरू नये, कारण लोकर स्वतःच प्रथिन आहे, आणि गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नयेत. क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच नको. प्रयोगशाळा ज्या रसायनाने लोकर विरघळवते तेच त्यात असते. ज्या धुलाई केंद्रात पांढऱ्या चादरी आणि कामगारांचे मोजे एकाच पाण्यात जातात, तिथे मोज्यांचे आयुष्य कराराच्या कागदावरच संपलेले असते. धुलाईच्या करारात मोज्यांसाठी स्वतंत्र कलम घालावे. उन्हाळ्यात साठवताना मोजे स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून, बंद पिशव्यांत ठेवावेत. घामाचे, मळके मोजे तसेच ठेवले की त्यांना कसर लागते.

जोड्या किती द्याव्यात, यावर माझे मत ठाम आहे : एका कामगाराला हंगामात एक जोडी देणे म्हणजे त्याला ओला मोजा दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायला सांगणे आहे. एक जोडी पायात, एक पिशवीत बदलायला, एक वाळत आणि एक धुलाईत, म्हणजे चारपेक्षा कमी जोड्यांत हे चक्र चालत नाही. यावर खर्च वाढतो ही हरकत येईल. पण चार जोड्या आळीपाळीने वापरल्या की प्रत्येकीला सुकायला आणि फुलायला अवधी मिळतो आणि त्या चारही पुढच्या हंगामात उपयोगी पडतात. एकच जोडी रोज घातली तर ती मध्यावरच विरते आणि घाईने, मिळेल त्या दराने, मिळेल तो माल आणावा लागतो. दुप्पट किमतीची जोडी तिप्पट काळ टिकत असेल तर कमी दराची निविदा प्रत्यक्षात महाग कशी पडते, हे लेखा विभागाला आकडेमोड करून दाखवावे. त्यासाठी भांडारात एक साधी नोंदवही लागेल : कोणत्या मालाची जोडी कोणत्या तारखेला दिली आणि टाच विरून ती कधी परत आली. दोन हंगामांच्या नोंदी हाती असल्या की निविदेच्या बैठकीत वाद घालावा लागत नाही. टाच नुकती पातळ होऊ लागली असताना लोकरीच्या सुताने रफू करून घेतले तर एखादी जोडी आणखी काही काळ चालते, परंतु रफूची गाठ पायाखाली येता कामा नये. तसे होत असेल तर ती जोडी बाद करावी.

राहिला प्रश्न मोजे बदलण्याचा. पिशवीतली कोरडी जोडी पायात यायची असेल तर कामगाराला कुठेतरी बसायला आडोसा, बूट काढायला वेळ आणि ओले मोजे टांगायला उबदार जागा हवी. ही तिन्ही व्यवस्था कामाच्या ठिकाणी कमी पडते आणि मग चांगले मोजे दिलेले असूनही पाय दिवसभर ओलेच राहतात. आपल्या अखत्यारीतील प्रत्येक ठिकाणी, जिथे पाय भिजतात वा घामेजतात तिथे, पाळीच्या मध्यावर मोजे बदलण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत, त्या वेळी मुकादमाने बधिरपणा किंवा पांढुरकेपणा जाणवतो का हे प्रत्येकाला विचारावे, आणि ही दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरली जातील, जेवणाच्या सुट्टीतून कापली जाणार नाहीत, असे लेखी आदेशात स्पष्ट नमूद करावे.

कळावे,
आपला नम्र,
एक भांडारपाल